साथ आली कुठून? विषाणूनेच सांगितलेली हकिकत

 हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. शेंगा फोडत असाल तर फोडा, भाकरी थापत असाल तर थापा. आज आम्ही गटातल्या बाया तुम्हाला एक इतिहास सांगणार आहोत. हा इतिहास राजांचा नाही, लढायांचा नाही. साथीचा आहे. साथ देशात शिरते कुठून, कोणत्या दारानं, आणि ते कळतं कसं, याचा.

आधी आमचीच एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायला तोंड नाही. एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन लागला होता. आपल्या बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दरवर्षीसारखी ऊसतोडीला गेलेली, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. कारखान्यांचे पट्टे पडले, पण वाटा बंद. माणसं कोप्यांमध्ये आणि कारखान्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात अडकली. १७ एप्रिलला राज्य सरकारनं त्यांना घरी जायला परवानगी दिली. तेव्हा सांगितलेला आकडा होता ३८ कारखाने आणि सुमारे १ लाख ३१ हजार मजूर.

टोळ्या गावाकडं निघाल्या, आणि गावोगाव वेशीवर बाभळीच्या फांद्या पडल्या. आमच्याही गावात पडल्या. आमच्या गटातली एक जण नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली होती. चौदा दिवस तिकडं वेगळं राहून, तपासणी करून ती आली, तरी तिला लेकरांसह शेतात राहावं लागलं. वेगळं राहणं एक वेळ ठीक. पण आम्ही बाया काय बोललो? "ह्यांनीच आणला रोग." तिच्या नावचं भांडं सुद्धा हौदावरून उचलून बाजूला ठेवलं. तिनं पुढं सहा महिने गटाच्या बैठकीत तोंड उघडलं नाही.

रोग कोणी आणला, हा प्रश्न आम्ही तेव्हा असा सोडवला होता. जो दारात दिसला, त्याच्यावर बोट. आज बघू, शास्त्राला काय सापडलं.

बोट दाखवायची जुनी सवय

ही सवय आपल्याच गावाची नाही. १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढं तो पुण्यात गेला, आणि रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी आपल्या सावित्रीबाई फुले त्याच रोगानं गेल्या. त्या काळी बोट गेलं ते गरिबांच्या चाळींवर आणि त्यांच्या राहणीवर. पण दोन वर्षं आधी, १८९४ साली, हाच रोग हाँगकाँगमध्ये होता, आणि हाँगकाँगहून मुंबईला जहाजांची सतत ये-जा होती. प्लेगचा जंतू विषाणू नाही, तो जिवाणू आहे. तरीही शंभराहून जास्त वर्षांनी शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्लेगच्या जंतूंची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा त्या साथीचं मूळ चीनमध्येच निघालं. व्यापाराच्या जहाजानं आलेला रोग, आणि दोष मात्र चाळीतल्या खोलीला.

मग आलं १९१८. आपल्या आज्या-पणज्या ज्याला मानमोडी म्हणायच्या, ती साथ. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं, जहाजं भरभरून शिपाई येत-जात होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात दाखल झाले. तिथून ताप शहरात, शहरातून आगगाडीनं मुलखात. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट मात्र जीवघेणी. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यात बायांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. दुष्काळाचं साल, अर्धपोटी अंग, आणि घरातल्या सगळ्या आजाऱ्यांची सेवा बाईनंच करायची. पुढं १९२१ ची शिरगणती झाली तेव्हा दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटलेली निघाली.

तेव्हाही भांडण झालंच. मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणाले, मे महिन्याच्या अखेरीस बंदरात आलेल्या जहाजावरच्या लोकांनी ताप आणला. सरकार म्हणालं, छे, जहाजावरच्या लोकांनाच तो मुंबईत लागला. खरं कोणाचं? ठरवायला साधन नव्हतं. माणसाला फ्लू देणारा विषाणूच मुळी १९३३ साली सापडला. १९१८ च्या विषाणूचा पूर्ण मजकूर वाचता आला तो २००५ साली, आणि तोही कसा? अलास्कामध्ये, कायम गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका बाईच्या फुफ्फुसातून, आणि अमेरिकन लष्करानं जपून ठेवलेल्या तुकड्यांमधून. गोदीवरच्या त्या शिपायांच्या तापाचा असा पुरावा कुणी राखला नव्हता. म्हणून टर्नरसाहेब आणि सरकार यांचं भांडण तसंच राहिलं.

पोथीच्या नकला आणि विषाणूच्या नकला

आता तुम्ही म्हणाल, विषाणूचा मजकूर म्हणजे काय? तो काही लिहितो-वाचतो का?

एक उदाहरण घेऊ, आपल्याच मुलखातलं. गेवराईच्या वर, गोदाकाठी पैठण. तिथं एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. का करावी लागली? छापखाना नव्हता. एकाची पोथी बघून दुसरा उतरवून घ्यायचा, त्याची बघून तिसरा. उतरवताना एखादं अक्षर चुकायचं, एखादा शब्द बदलायचा. पुढचा माणूस ती चूक खरी समजून तशीच उतरवायचा आणि वर स्वतःची एक भर घालायचा. तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते.

आता यातली गंमत लक्षात घ्या. समजा पाच पोथ्या समोर आहेत. तीन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक आहे, दोन पोथ्यांत ती नाही. मग त्या तीन पोथ्या एकाच घराण्यातल्या, एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरलेल्या. त्या तीनपैकी दोघींत आणखी एक चूक सामाईक असेल, तर त्या दोघी आणखी जवळच्या, सख्ख्या बहिणी म्हणा. नकल करणारा कोण, कुठला, काही माहीत नसलं तरी नुसत्या चुकांवरून पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

विषाणूचं अगदी असंच आहे. करोनाच्या विषाणूत आरएनए नावाचा धागा असतो. त्यावर चारच प्रकारची अक्षरं, पण ती सुमारे तीस हजार. विषाणू माणसाच्या शरीरात शिरला की आपल्या नकला काढतो. नकला काढताना मधूनच एखादं अक्षर चुकतं. करोनाच्या विषाणूत एका माणसाकडून दुसऱ्याकडं जाता जाता महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलून टिकून राहतात. बहुतेक चुकांनी रोगात काही फरक पडत नाही. पण त्या पुढच्या नकलेत तशाच उतरतात, आणि वाटेची खूण राहते.

नाकातला स्वॅब घेऊन आधी रोग आहे की नाही ते बघतात. त्यातल्या काही नमुन्यांतली ही तीस हजार अक्षरं ओळीनं वाचतात. त्याला जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात. मग जगभरातल्या नमुन्यांशी ती अक्षरं ताडून बघायची. महिन्याला दोन अक्षरं हा हिशेब ठाऊक असल्यानं दोन विषाणूंचा पूर्वज किती महिन्यांपूर्वीचा, याचाही अंदाज बांधता येतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत

११ जानेवारी २०२० ला चीनमधल्या या नव्या विषाणूचा पहिला मजकूर जगापुढं आला. मूळ पोथी हाती आली म्हणा. आता पुढची प्रत्येक नकल तिच्याशी ताडता येणार होती.

३० जानेवारीला केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडला. चीनमधल्या वुहानहून परतलेली एक विद्यार्थिनी. त्यानंतरच्या काही दिवसांत आणखी दोन विद्यार्थी, तेही वुहानचेच. नमुने तपासले पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, एनआयव्हीनं. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. करोनाच्या काळात तिच्या संचालक होत्या डॉ. प्रिया अब्राहम, आणि या विषाणूचा मजकूर वाचण्याच्या कामात डॉ. प्रज्ञा यादव, डॉ. वर्षा पोतदार अशा बाया पुढं होत्या. भारतात बनवलेल्या पहिल्या मान्यताप्राप्त तपासणी किटवर पुण्यात काम करणाऱ्या मिनल दाखवे-भोसले यांनी तर बाळंतपणाच्या आदल्या दिवशी किट तपासणीसाठी सुपूर्द केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या पोरींना ते कानावर पडावं.

तर, केरळच्या तिघांपैकी दोघांच्या विषाणूचा पूर्ण मजकूर एनआयव्हीनं वाचला. दोघंही वुहानहून आलेले, तरी मजकूर तंतोतंत एक नव्हता. अर्थ काय? एकाचा दुसऱ्याला लागला नव्हता. विषाणू दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या वाटांनी आत आला होता. पहिल्याच आठवड्यात दोन दारं. केरळनं त्या तिघांना वेळीच वेगळं ठेवलं आणि त्यांच्यापासून साथ पुढं गेली नाही.

मग देशभर पसरलेला विषाणू आला कुठून? मार्चच्या सुरुवातीला इटलीहून आलेल्या पर्यटकांच्या जथ्यातले सोळा जण आणि त्यांचा भारतीय ड्रायव्हर बाधित निघाले. इराणमध्ये अडकलेल्या भारतीयांना परत आणलं, त्यांचेही नमुने पुण्यात वाचले गेले. इटलीवाल्यांचा विषाणू युरोपातल्या घराण्याचा, इराणहून आलेल्यांचा वेगळ्या घराण्याचा. आपल्या राज्यात ९ मार्चला पुण्यात पहिले रुग्ण सापडले, ते दुबईची सहल करून १ मार्चला परतले होते. परदेशातून येणाऱ्या सगळ्याच प्रवाशांची तपासणी सुरू झाली ती ४ मार्चच्या सुमारास. तोवर लक्ष मुख्यतः चीन आणि आसपासच्या देशांकडं होतं. पुढच्या दाराला कडी घातली होती, आणि बाजूची दारं सताड उघडी होती.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेनं जून २०२० पर्यंतचे भारतातले मजकूर एकत्र मांडले. तेव्हा त्यांना एक घराणं दिसलं, जे देशातल्या दर पाच नमुन्यांत सुमारे दोनांत होतं, पण बाहेरच्या देशांत फारसं नव्हतं. म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास कुठून तरी एकदा शिरून ते इथंच पसरत गेलं होतं. लवकरच युरोपाकडून आलेलं दुसरं घराणं जोर धरून पुढं गेलं.

जगात इतरत्रही हेच दिसलं. ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञांनी हजारो नमुने वाचले, तेव्हा पहिल्या लाटेत विषाणू तिथं हजाराहून जास्त वेळा बाहेरून शिरल्याचं निघालं. त्यातला बहुतेक स्पेन, फ्रान्स आणि इटलीहून आला, थेट चीनमधून आलेला अगदीच थोडा. कोणी एक माणूस रोग घेऊन आला, आणि तो सापडला असता तर सगळं टळलं असतं, ही आपल्या मनातली गोष्टच खोटी ठरली. एक दार नव्हतं, एक माणूसही नव्हता.

मग कोयत्यावरच्या बाईचं काय?

आता आमच्या त्या मैत्रिणीकडं येतो. वंशावळ बघितली तर विषाणू देशात आला तो विमानानं. पारपत्र असलेल्या माणसांबरोबर आला. त्यांचाही तसा दोष नाही, कारण आपल्या अंगात काय आहे हे त्यांना कुठं ठाऊक होतं? पण निदान उसाच्या फडात तो उगवला नव्हता. मार्च महिना संपला तरी आपल्या जिल्ह्यात एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता, आणि फडातली माणसं तर चार-पाच महिने फड, कोपी आणि कारखाना सोडून कुठं गेलीच नव्हती.

म्हणजे कोणालाच अडवू नये असं आम्ही म्हणत नाही. बाहेरून आलेल्या कोणालाही विषाणू असू शकतो, मग तो मोटारीतून येवो की टायरगाडीतून. काही दिवस वेगळं राहणं हा साथीतला शहाणा नियम आहे. पण नियम सगळ्यांना सारखा हवा. पुण्याहून स्वतःच्या गाडीनं आलेला नोकरदार थेट वाड्यात गेला, आणि फडावरून आलेली बाळंतीण झाडाखाली राहिली. याला काळजी म्हणायचं की दुजाभाव? आम्ही स्वतःला हा प्रश्न विचारला, आणि उत्तर देताना माना खाली गेल्या.

बोट आपल्याकडं फिरलं तेव्हा

पुढच्या वर्षी काय झालं बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडं रुग्ण एकाएकी वाढले. आदल्या डिसेंबरात देशातल्या दहा प्रयोगशाळांचा मिळून इन्साकॉग नावाचा गट झाला होता, विषाणूचा मजकूर वाचायला. मार्चमध्ये आरोग्य खात्यानं सांगितलं की महाराष्ट्रातल्या बऱ्याच नमुन्यांत ठरावीक बदल एकत्र दिसतायत. पेपरांनी त्याला "डबल म्युटंट" म्हटलं. हे एक नवं घराणं होतं, त्याच्या तीन शाखा, आणि त्यातली एक सगळ्यांना मागं टाकून पुढं गेली. तीच डेल्टा. ऑक्सिजनसाठी नांदेड, लातूर, संभाजीनगर कुठं कुठं फिरलो, ते तुम्हाला सांगायला नको. ज्या घरातली चूल त्या उन्हाळ्यात विझली, त्या घराला तारीखही पाठ आहे.

या वेळी दार उलटं होतं. विषाणू इथून बाहेर गेला, शंभरावर देशांत पोचला. तिकडचे पेपर त्याला "इंडियन" म्हणू लागले. आपल्याला कसं वाटलं? आमच्या लेकरांनी टीव्हीवर ऐकून विचारलं, "आई, आपल्या नावाचा रोग हाय का?" वेशीवरच्या त्या मैत्रिणीला काय वाटलं असेल, ते आम्हाला त्या दिवशी समजलं.

३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं की अशा प्रकारांना देशाचं नाव द्यायचं नाही, ग्रीक अक्षरांची नावं द्यायची. म्हणून डेल्टा, म्हणून ओमायक्रॉन. १९१८ च्या फ्लूला जग आजही स्पेनचं नाव लावतं, आणि तो स्पेनमधून आलाच नव्हता. युद्धात नसल्यामुळं तिथल्या वर्तमानपत्रांनी बातम्या उघड छापल्या, एवढाच त्यांचा गुन्हा.

खरं सांगणाऱ्यालाच शिक्षा, हे ओमायक्रॉनच्या वेळीही झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवानातल्या शास्त्रज्ञांनी मजकूर वाचून जगाला सावध केलं. लगेच त्यांचीच विमानं बंद झाली. मागाहून निघालं की त्याआधीच घेतलेल्या नेदरलँड्समधल्या नमुन्यांत तो विषाणू होता. आपल्याकडं २ डिसेंबरला कर्नाटकात पहिले दोन रुग्ण जाहीर झाले, आणि त्यातल्या एकानं परदेश बघितलाही नव्हता. आपल्या राज्यातला पहिला ४ डिसेंबरला डोंबिवलीत.

एड्सची शिकवण

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतात पहिल्यांदा एचआयव्ही शोधला. तपासलेल्या बाया वेश्याव्यवसायातल्या होत्या, म्हणून सगळा दोष त्यांच्यावर गेला. पुढं गावोगाव ट्रकवर, फडावर, शहरात राहून आलेल्या नवऱ्याकडून आजार घरात आला, तरी "पांढऱ्या पायाची" ठरली ती बायको. कितीजणी सासरहून हाकलल्या गेल्या, आपण बघितलंय.

विषाणूची वंशावळ काय सांगते? भारतातलं मुख्य घराणं आफ्रिकेतल्या घराण्यातून आलं, आणि ते इथं शिरलं १९७० च्या आगेमागे. म्हणजे त्या बायांची तपासणी होण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीपासून विषाणू देशात गुपचूप फिरत होता. ज्यांच्यात तो पहिल्यांदा सापडला, त्यांच्यात तो पहिल्यांदा आलेला नव्हता. जिथं दिवा लावला तिथं दिसला, एवढंच.

या विद्येची हद्द

आता सावधगिरीचं सांगतो. ही विद्या घराणी सांगते. अमक्या माणसानं तमक्याला दिला, असं नुसत्या मजकुरावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन पोथ्या सारख्या असल्या तरी मधल्या दहा पोथ्या हरवलेल्या असू शकतात. जिथले नमुने वाचलेच नाहीत, तिथली वाट कोरी राहते. शहरातले नमुने जास्त, वाडी-तांड्यावरचे कमी, तर वंशावळीतही शहरच जास्त दिसणार. म्हणून या विद्येचा उपयोग गुन्हेगार शोधायला करायचा नाही. पुढच्या वेळी कोणतं दार आधी बघायचं, लस आणि तपासणी कुठं आधी न्यायची, हे ठरवायला करायचा.

आपल्या हातात काय आहे? साथीच्या काळात आशाताईंनी किंवा दवाखान्यानं स्वॅब मागितला तर द्यायचा. कुठं जाऊन आलो ते खरं सांगायचं. आणि खरं सांगणाऱ्याला वाळीत टाकायचं नाही. सांगितलं की बाभळीच्या फांद्या पडतात, हे एकदा कळलं की पुढच्या वेळी कोण सांगेल? मग विषाणू दाबून ठेवलेल्या वाटेनं फिरतो, आणि ती वाट प्रयोगशाळेलाही दिसत नाही.

आमची ती मैत्रीण आता गटाची सचिव आहे. हा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्याआधी आम्ही तिला विचारलं, तुझी गोष्ट सांगू का? ती म्हणाली, "सांगा. पण माझं नाव नका घेऊ, आणि तुमचं मात्र लपवू नका." म्हणून नाव न घेता तिचं सांगितलं, आणि आमचं कबूल केलं. हौदावरचं भांडं बाजूला ठेवणारे हात आमचेच होते.

येत्या बैठकीत तुमच्या गटात एवढं विचारा: त्या दोन वर्षांत आपल्या गावानं कोणाकोणाकडं बोट दाखवलं होतं? नावं आठवतील. ती आठवली की त्या घरी एकदा जाऊन या. चहा प्यायला.